मंदिर परिसराची शोभा : देवचाफा

मंदिराच्या प्रांगणात, दीपमाळेजवळ किंवा पाराशेजारी आढळणारा पांढरा चाफा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यास देवचाफा अथवा खुरचाफा असे म्हणतात. सुगंधी सोनचाफा सदाहरित असून त्याचे कुळ वेगळे आहे. देवचाफा कण्हेरीच्या कुळातील आहे. कन्नडमधील ‘देवकणगिले’ या नावातही कण्हेरीचाच उल्लेख आहे. त्याचे मूळस्थान मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे हे होय. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स प्लुमिए (१६४६–१७०४) यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ असे पडले.

पानगळ : टोकदार पानांचा देवचाफा हिवाळ्यात निष्पर्ण होतो. या काळात झाड वाळले असे समजून ते तोडले जाण्याची शक्यता असते. तोडण्यापूर्वी साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा थर दिसल्यास व पांढरा चीक आल्यास झाड जिवंत आहे. उन्हाळ्यात तेच फुलांनी बहरते. पानगळीमुळे थंडीत प्रांगणात ऊन मिळते आणि पुढे पालवी आल्यावर सावलीही लाभते.

रचना : वृक्ष साधारणतः ५ ते ८ मीटर वाढतो. त्याची मुळे वड-पिंपळाप्रमाणे दगडी बांधकामात शिरत नाहीत. तरीही भिंतीपासून सुमारे ३ मीटर अंतर राखावे. फरशी बसविताना बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी.

लागवड : फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुमारे दीड फुटाची जून फांदी कापून, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी व नंतर लावावी. या झाडास साचलेले पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. बेळगावच्या तांबड्या जमिनीत निचरा बरा होतो, पण पाऊस अधिक असल्याने उंचवट्यावर लावावे. निपाणीकडील काळ्या जमिनीत खड्ड्यात मुरूम व वाळू मिसळणे आवश्यक आहे.

दक्षता : चीक त्वचेस व डोळ्यांस त्रासदायक आहे. लहान मुलांना फांद्या मोडू देऊ नयेत. पूजेसाठी खाली पडलेली ताजी फुले न तुडवता झाडावरूनच हलक्या हाताने खुडावीत.

जुना देवचाफा तोडण्यास काही क्षण पुरतात, मात्र तसा डेरेदार वृक्ष पुन्हा उभा राहण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून जीर्णोद्धाराचा आराखडा करताना विश्वस्तांनी प्रथम उभ्या वृक्षांची नोंद करावी व उन्हाळ्यातील बहर पाहिल्याशिवाय कोणताही देवचाफा मृत ठरवू नये, ही नम्र विनंती.