तारापूर औद्योगिक क्षेत्रातील उद्योजक-नेतृत्व
तारापूर औद्योगिक क्षेत्रातील उद्योजक-नेतृत्व : पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरात कारखानदारांच्या संघटित नेतृत्वाने प्रादेशिक धोरण व नागरी जीवन यांत बजावलेली भूमिका. औद्योगिक क्षेत्राला नाव किनाऱ्यावरील तारापूर गावाचे असले, तरी त्याचा मुख्य विस्तार बोईसर रेल्वेस्थानकाच्या परिसरातील गावांत आहे.

व्यापारी संघटनांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. परकीय राजवटीत देशी उद्योगाची बाजू मांडणे, हे तत्कालीन नेतृत्वाचे प्रमुख कार्य होते. स्वातंत्र्यानंतर शासनच औद्योगिक वसाहती उभारू लागले आणि या कार्याचे स्वरूप बदलले. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भूखंड, रस्ते व पाणीपुरवठा यांची व्यवस्था त्याच्याकडे आली. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. बोईसरच्या परिसरात पुढे रसायने, रंगद्रव्ये, औषधिद्रव्ये, कापड व पोलाद यांचे कारखाने वाढले.

औद्योगिक क्षेत्र महामंडळाच्या, तर लगतची गावे ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत, अशी येथील द्विविध रचना आहे. तीत दोहोंचे प्रश्न एकत्र पाहणारी नगरपालिका नव्हती. त्यामुळे तारापूर इंडस्ट्रियल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन (टीमा) या कारखानदारांच्या संघटनेला केवळ व्यापारी हितसंबंधांपुरते मर्यादित राहणे शक्य नव्हते. वीज, पाणी, रस्ते व सुरक्षितता यांविषयी शासनाशी बोलणी करणे हे तिच्या पदाधिकाऱ्यांचे काम ठरले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले व जिल्हा प्रशासन या परिसराच्या निकट आले.

या नेतृत्वाची खरी कसोटी सांडपाण्याच्या प्रश्नावर लागली. लहान कारखान्यांना स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही. म्हणून सर्वांचे सांडपाणी एकत्र आणून शुद्ध करणारे सामुदायिक केंद्र उभारण्यात आले. ते चालविण्याची जबाबदारी उद्योजकांच्याच तारापूर एन्व्हायरन्मेंट प्रोटेक्शन सोसायटीकडे आली. या व्यवस्थेत एक अंगभूत अडचण आहे : एखाद्या कारखान्याने प्राथमिक प्रक्रिया न करता तीव्र आम्लयुक्त किंवा विषारी पाणी सोडले, तर संपूर्ण केंद्राचे कार्य बिघडते. म्हणजेच संघटनेच्या नेत्याला ज्यांचे प्रतिनिधित्व करावयाचे, त्यांच्यावरच अंकुशही ठेवावा लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ७२·०१ गुण मिळाले. ७० हून अधिक गुण असलेली क्षेत्रे अतिप्रदूषित गणली जात. अशा ४३ क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी देणे केंद्र शासनाने जानेवारी २०१० मध्ये तात्पुरते स्थगित केले. २०१८ च्या निर्देशांकात तारापूरचे गुण ९३·६९ पर्यंत वाढले व ते देशात पहिले ठरले. सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जात असल्याने त्याची झळ मच्छीमारांना पोहोचली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ च्या निर्णयात न्यायाधिकरणाने कारखाने व सामुदायिक केंद्र यांच्यावर भरपाईचे दायित्व टाकले. ‘प्रदूषकाने किंमत मोजावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले होते.

रोजगार व महसूल यांत येथील उद्योगांचा वाटा मोठा आहे. तथापि ज्या गावांच्या जमिनीवर व ज्या खाड्यांच्या काठी उद्योग उभे राहिले, तेथील रहिवाशांना संघटनेत मताधिकार नसतो. उद्योजक-नेतृत्वाचे सार्वजनिक मूल्यमापन म्हणूनच शासनाकडून मिळविलेल्या सवलतींपेक्षा, सभासदांकडून नियमांचे पालन करून घेण्यात आलेल्या यशावर अधिक अवलंबून राहते.