ईमॅक्स : जुन्या हत्याराला नवी मूठ



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या एका प्रोग्रॅमचा इतिहास सांगायला उभे राहावे, याचे तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही इंजिनिअर नव्हे. शाळा दहावीला सुटली. उरलेले शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु हत्यार आणि हात यांचा संबंध हा आमचा रोजचा विषय आहे, आणि त्याच बाजूने आम्ही या गोष्टीकडे पाहणार आहोत.

आमच्या कचेरीत पत्रके लिहिणारा एक तरुण आहे. तो ईमॅक्स नावाच्या एडिटरवर काम करतो. एडिटर म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्याचे, खोडण्याचे, इकडचा तिकडे हलवण्याचे साधन. वर्तमानपत्राच्या संपादकाशी त्याचा संबंध नाही. एके दिवशी तो जेवायला गेला असता आम्ही त्याच्या खुर्चीत बसलो. पत्रकातली एक ओळ खाली न्यायची होती. जगात सर्वत्र करतात त्याप्रमाणे ओळ निवडून कंट्रोल आणि एक्स या कळा दाबल्या. ओळ हलली नाही. पडद्याच्या तळाशी दोन अक्षरे उमटली आणि यंत्र पुढच्या हुकमाची वाट पाहत राहिले. आणखी चार कळा दाबल्यावर जे झाले ते सांगण्यासारखे नाही. तो परत आल्यावर हसून म्हणाला, “अण्णा, ही कळ तुम्ही शिकलात त्याच्या आधीची आहे.” या एका वाक्याने आम्हांला इतिहासात ओढले.

१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील एम.आय.टी. या संस्थेत डॅन मर्फी यांनी ‘टेको’ नावाचा एडिटर केला. त्या काळी मजकूर छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे आणि ती फीत दुरुस्त करणे हे टेकोचे मूळ काम. टेकोत प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक आज्ञा. आपले नाव टेकोला टंकून द्यायचे आणि मजकुराची काय दुर्दशा होते ते पाहायचे, असा एक खेळच तिथे प्रसिद्ध होता. पुढे पडदे आले आणि टेकोवर ज्याने त्याने आपापल्या सोईच्या आज्ञा रचल्या. परिणाम असा की, एकाच्या यंत्रावर दुसऱ्याला काम करता येईना. आमच्या भाषेत, प्रत्येक खात्याचा करार वेगळा! तेव्हा गाय स्टील यांनी या आज्ञा एकत्र करून एकच संच ठरवण्याचे मनावर घेतले आणि १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम तडीस नेले. त्याचेच नाव ईमॅक्स. तो वाटताना स्टॉलमन यांची अट अशी की, जो सुधारणा करील त्याने ती सर्वांना परत द्यावी.

म्हणजे आज ज्या आज्ञा नवख्याला विचित्र वाटतात, त्या मुळात सर्वांच्या सोईसाठी एकत्र केलेल्या होत्या. हे लक्षात ठेवले पाहिजे. आता ‘एक्स’ने मजकूर कापायचा, ‘सी’ने नक्कल घ्यायची, ‘व्ही’ने चिकटवायचा, ही आपली रीत पाहा. कापणे-चिकटवणे ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात रुळवली, ॲपलच्या लिसा यंत्रावर १९८३ साली या कळा आल्या आणि विंडोजमुळे त्या जगभर पसरल्या. तोवर ईमॅक्समध्ये ‘कंट्रोल-एक्स’ हे कित्येक आज्ञांचे प्रवेशद्वार होऊन बसले होते. दार बंद केल्याशिवाय तिथे कात्री ठेवता येत नव्हती.

कळफलकाचीही तीच कथा. ज्या प्रयोगशाळेत हे हत्यार घडले तिथल्या कळफलकांवर कंट्रोल आणि ‘मेटा’ नावाची आणखी एक कळ अंगठ्याजवळ, स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना असे. पुढे आयबीएमच्या रूढ कळफलकाने कंट्रोल खालच्या कोपऱ्यात नेली. आज्ञा त्याच राहिल्या, ताण मात्र अंगठ्यावरून करंगळीवर आला, आणि ईमॅक्सवाल्यांची दुखरी करंगळी हा थट्टेचा विषय झाला. थट्टा करणाऱ्यांनी दिवसभर एकाच बोटाने काम केलेले नसावे. मेटा ही कळ तर आज कुठल्या साध्या कळफलकावर सापडतच नाही. तिचे काम ‘आल्ट’ करते. पण पुस्तिकेत नाव मेटाच. ज्याला सारे जग ‘विंडो’ म्हणते त्याला ईमॅक्स ‘फ्रेम’ म्हणतो, आणि त्या चौकटीच्या आतल्या कप्प्याला ‘विंडो’! नवखा माणूस अडखळतो तो त्याला अक्कल नसते म्हणून नव्हे.

इथे एक हकिकत सांगितलीच पाहिजे. १९७८च्या सुमारास हनीवेल कंपनीत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स नावाच्या संगणकप्रणालीसाठी ईमॅक्स लिस्प भाषेत नव्याने लिहिला. स्टॉलमन सांगतात की, ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी स्त्रियासुद्धा तो वापरता वापरता त्यात स्वतःच्या नव्या आज्ञा रचू लागल्या. त्यांच्या हाती जी पुस्तिका होती तिच्यात रीत दिली होती, पण याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे कुठेच लिहिले नव्हते. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही अशी त्यांची समजूत होती. नाव न कळल्यामुळे त्या भ्याल्या नाहीत. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या किती बायाबापड्यांना कामाच्या नुसत्या नावाने घाबरवून आयुष्यभर खालच्या श्रेणीत ठेवलेले आम्ही पाहिले आहे!

१९८५ साली स्टॉलमन यांचा आजचा जीएनयू ईमॅक्स लोकांपुढे आला. १९९१ साली ल्युसिड या कंपनीने वेगळी चूल मांडली. पडद्यावरची चित्रमय सोय तिकडे आधी झाली म्हणून कित्येक जण तिकडे गेले. त्या भांडणाचा पाल्हाळ नको.

आमचे मन गुंतले ते २०२०च्या वादात. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड २०१५ साली निघाला आणि तरुण मंडळी त्याच्याकडे वळली. तेव्हा ईमॅक्सच्या कर्त्यांमध्ये आणि वापरणाऱ्यांमध्ये प्रदीर्घ चर्चा झाली, की हा एडिटर नव्या माणसाला सोपा कसा करावा. एक पक्ष म्हणाला, जगाच्या कळा मूळ ठेवणीतच द्या. दुसरा म्हणाला, तीस-तीस वर्षे बोटांत मुरलेले कसब एका रात्रीत बाद करायचे काय?

हा दुसरा प्रश्न आम्ही स्वतः विचारलेला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कचेरीत संगणक आले आणि टंकलेखकांना इन्स्क्रिप्ट कळफलक सक्तीचा झाला. रेमिंग्टनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटवायची, इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा उतरलेल्या बाया दर वेलांटीला चुकू लागल्या आणि साहेब त्यांना शिकाऊ म्हणू लागले. आम्ही मागणी केली की, रेमिंग्टनच राहिले पाहिजे, सगळ्यांना. तेव्हा नव्याने लागलेली एक मुलगी सभेत उठली आणि म्हणाली, “मी कधी टाइपरायटर पाहिला नाही. मी कशाला उलटी वेलांटी शिकू?” सभेत हशा झाला, पण आमच्याजवळ उत्तर नव्हते. अखेर तडजोड झाली ती अशी की, दोन्ही कळफलक यंत्रात असावेत आणि ज्याचे त्याने निवडावे. ती तडजोड आमच्या डोक्यातून निघाली नव्हती. ती त्या मुलीने काढली.

ईमॅक्सनेही बहुतांशी हीच वाट धरली आहे. २००७च्या आवृत्तीपासून ‘सीयूए’ नावाची सोय त्यात आहे : मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-एक्स कापतो, नसेल तर जुने दार उघडतो. हा तोडगा आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. निवडलेला मजकूर रंगाने उठून दिसावा, इतकी साधी गोष्ट मूळ ठेवणीत यायला मात्र २००९ साल उजाडले. २०२२ साली उजव्या बटणाची यादी आली. २०२५च्या आवृत्तीत अशीही सोय आली की, कंट्रोल-एक्स दाबून थांबले तर पुढे कोणकोणत्या कळा चालतील त्यांचा तक्ता पडद्यावर उघडतो. आणखी एक जुना दंडक आम्हांला मनापासून आवडला : कंट्रोल-सी आणि त्यापुढे एखादे अक्षर, ही जागा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या आज्ञांसाठी राखीव, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तिथे अतिक्रमण करू नये.

आमची तक्रार एवढीच की, सीयूए, उजव्या बटणाची यादी आणि तो तक्ता, ही तिन्ही औषधे कपाटात बंद आहेत. ती आपणहोऊन चालू करावी लागतात, आणि ज्याला त्यांची गरज आहे त्यालाच त्यांची नावे ठाऊक नसतात. पहिल्यांदा ईमॅक्स उघडणाऱ्याला ‘तुम्हांला कोणत्या कळा हव्यात’ असे सुरुवातीलाच विचारले, तर जुन्यांचे काही हिरावले जात नाही. अशी सूचना त्या वादातही पुढे आली होती.

कचेरीतल्या त्या तरुणाने आता आमच्यासाठी त्याच यंत्रावर वेगळे खाते उघडून त्यात सीयूए आणि तो तक्ता चालू करून दिला आहे. स्वतःच्या खात्यात त्याने दोन्ही बंदच ठेवले आहेत.