दिल्ली विद्यापीठ झेरॉक्स खटला

दिल्ली विद्यापीठ झेरॉक्स खटला : (२०१२–१७). महाविद्यालयीन अध्यापनासाठी कॉपीराइट असलेल्या पुस्तकांतील उताऱ्यांच्या प्रती काढण्यासंबंधीचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा खटला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान व दिल्ली विद्यापीठ यांच्याविरुद्ध तो ऑगस्ट २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केला. कायमची मनाई आणि ६० लाख रुपये भरपाई अशी मागणी होती.

पार्श्वभूमी : हे दुकान दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात विद्यापीठाच्या परवान्याने चाले, परवान्यात पानामागे ४० पैसे दर ठरला होता. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील आवश्यक प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना ‘कोर्सपॅक’ म्हणून दिली जात. एका विषयाला अनेक ग्रंथांतील एकेक प्रकरण लागते आणि ग्रंथालयात प्रती मोजक्याच असतात. त्यामुळे बहुसंख्य विद्यार्थ्यांपुढे हाच मार्ग होता. इंडियन रेप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशनकडून शुल्क भरून परवाना घ्यावा, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांची संघटना आणि विधिज्ञ शम्नाद बशीर यांच्या पुढाकाराने प्राध्यापकांची संस्था दाव्यात सामील झाली. ऑक्सफर्डचे लेखक असलेल्या अमर्त्य सेन यांनी कायद्याचा पूर्ण बडगा उगारू नये, अशी विनंती आपल्या प्रकाशकांना केली. ज्यांच्या नावाने हक्क सांगितला जात होता त्या लेखकांपैकी अनेक जण दाव्याच्या विरोधात उभे राहिले, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी बाब होय.

कायदेशीर तरतुदी : कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२ हक्कभंग न ठरणाऱ्या कृती सांगते. पोटकलम (१)(अ) खाजगी वापर, संशोधन, टीका व समीक्षा यांसाठीच्या वाजवी वापराला मुभा देते. (१)(आय) नुसार शिक्षक वा विद्यार्थी अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढू शकतात; प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिकाही त्यात येतात. प्रकाशकांचा भर मात्र (१)(एच) वर होता. ही तरतूद शैक्षणिक संकलनाच्या प्रकाशनाविषयी असून एकाच लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे पाच वर्षांत एका प्रकाशकाला घेऊ देत नाही. देशात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला काढता येतात, हे (१)(ओ) मध्ये आहे.

निर्णय : ऑक्टोबर २०१२ मध्ये दुकानावर अंतरिम मनाई आली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा नैसर्गिक वा दैवी हक्क नसून ज्ञानवृद्धीसाठी कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे चालते, तर तेच काम यंत्राने केल्यास हक्कभंग होत नाही; अध्यापन केवळ वर्गातील तासापुरते नसते; तसेच ‘शिक्षक’ म्हणजे एकटी व्यक्ती नव्हे, तर संस्थाही होय, असे त्यांनी ठरवले.

प्रकाशकांच्या अपिलावर न्या. प्रदीप नंदराजोग व न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी मूळ तत्त्व कायम ठेवले. किती पाने घेतली याला मर्यादा नाही. अध्यापनाच्या प्रयोजनाने ती घेणे समर्थनीय आहे की नाही, एवढेच पाहायचे. सर्व संदर्भग्रंथ विकत घेणे विद्यार्थ्यांकडून अपेक्षित नाही, म्हणून प्रकाशकांची बाजारपेठ हिरावली जाते हा युक्तिवादही टिकला नाही. कोर्सपॅकमधील प्रत्येक उतारा खरोखर आवश्यक होता का आणि संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स चालेल का, हे दोन प्रश्न पुराव्यासाठी मूळ न्यायालयाकडे परत गेले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतल्याने या प्रश्नांचा निकाल लागलाच नाही. उपरोक्त परवाना-संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये फेटाळली.

अन्य देश : अमेरिकेत किंकोज (१९९१) व मिशिगन डॉक्युमेंट सर्व्हिसेस (१९९६) या खटल्यांत कोर्सपॅक विकणारी दुकाने हरली.

महाराष्ट्र व गोवा : अधिनियम सर्वत्र एकच असला, तरी दिल्लीचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, तो आधार म्हणून दाखवता येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याने हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनाची मुदत संपते. साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) असे लेखन १ जानेवारी २०११ पासून, तर बा. सी. मर्ढेकरांचे (मृत्यू १९५६) १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. त्यासाठी कलम ५२ चा आधार लागत नाही. इतर लेखनाबाबत प्राध्यापकांनी पाठ्यक्रमाला लागेल तेवढेच घ्यावे आणि प्रत्येक प्रतीवर लेखक, ग्रंथ व प्रकाशक यांची नावे ठळक छापावीत.