सुटलेला शब्द आणि कात्री

धनुष्यांतून सुटलेला बाण आणि तोंडांतून निघालेला शब्द परत घेतां येत नाहीं, ही म्हण आपल्या पूर्वजांच्या काळीं अक्षरशः खरी होती. लिहिलेला मजकूर खोडतां येई, दोन ओळींच्या मध्यें चार शब्द भरतां येत; परंतु उच्चारलेला शब्द वाऱ्यावर गेला कीं गेला. १८७७ सालीं तो प्रथम यंत्रांत पकडून पुन्हा ऐकतां आला, आणि त्यानंतर सत्तर वर्षांच्या आंत तो हवा तसा कापतां व जोडतां येऊं लागला. या सत्तर वर्षांचा इतिहास हा दोन हत्यारांचा इतिहास आहे. एक मायक्रोफोन आणि दुसरें हत्यार म्हणजे साधी कात्री. माणसाचा आवाज कसा ऐकूं यावा हें पहिल्यानें ठरविलें. त्यांतील कोणता भाग ऐकूं यावा हें दुसऱ्यानें.

थॉमस एडिसननें १८७७ सालीं कथलाच्या वर्खावर आपला आवाज उमटविला, तेव्हां त्या कामीं मायक्रोफोन नव्हता. पुढेंहि जवळजवळ अर्धें शतक ध्वनिमुद्रण केवळ कर्ण्याच्या बळावर चाले. गाणारानें कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहावें, आवाजाच्या धक्क्यानें आंतील पडदा हालावा, आणि पडद्यास जोडलेल्या सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावी, एवढीच ती युक्ति. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गोहरजान यांचीं गाणीं मुद्रित केलीं तीं याच रीतीनें. तासभर रंगणारी चीज सुमारें तीन मिनिटांत आटोपावी लागे, आणि शेवटीं गायिका आपलें नांव इंग्रजींत पुकारी. तबकड्या परदेशांतील कारखान्यांत तयार होत. तेथें गायिकेची ओळख पटावी हा त्यांत हेतु होता.

या पद्धतींत दुरुस्तीला जागाच नव्हती. मध्येंच ठसका लागला किंवा सूर ढळला, तर मेण तासून पुन्हा प्रारंभापासून गावें लागे. शिवाय कर्ण्याला सगळे ध्वनि पेलत नसत. ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांतील बारीक सीत्कार त्यांत हरवून जात. हळू बोललेलें तर उमटतच नसे. म्हणून त्या काळच्या मुद्रिकांत शांत संभाषण जवळजवळ नाहीं. आहे ती उंच स्वरांतील पुकार.

मायक्रोफोनचा जन्म टेलिफोनच्या घरीं झाला. अमेरिकेंत एमिल बर्लिनर यानें १८७७ सालीं व इंग्लंडांत डेव्हिड ह्यूज यानें १८७८ सालीं असें दाखविलें कीं, सैल स्पर्श असलेल्या दोन वस्तूंतून वीज वाहत असतां त्यांवर आवाज पडला, तर विजेचा प्रवाह आवाजाबरोबरच कमीजास्त होतो. याच बर्लिनरनें पुढें फोनोग्राफच्या नळकांड्याऐवजीं चपटी तबकडी प्रचारांत आणली. परंतु त्याचीं हीं दोन अपत्यें एकत्र नांदूं लागण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. १९१६ सालीं ई. सी. वेंट यानें अधिक अचूक असा कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला होता. व्हॉल्व्हच्या योगानें क्षीण प्रवाह वाढवितां येऊं लागला होता. आणि १९२५ पासून विजेनें कोरलेल्या तबकड्या बाजारांत आल्या. कर्णा गेला आणि त्याबरोबर ओरडण्याची सक्तीहि गेली.

मात्र आतां एक नवाच प्रश्न उभा राहिला : मायक्रोफोन कोणता घ्यावा ? कारण प्रत्येक जातीचा कान निराळा असतो. कोळशाच्या दाण्यांचा मायक्रोफोन स्वस्त आणि दणकट. पण त्यांत सतत बारीक खरखर चाले. जर्मनींत तयार झालेला राइस मायक्रोफोन याच जातीचा. त्याचा सांचा संगमरवरी दगडाच्या ठोकळ्यांत कोरलेला असे, आणि ब्रिटिश नभोवाणीनें तो अनेक वर्षें वापरला. कंडेन्सर मायक्रोफोन सूक्ष्मांतील सूक्ष्म ध्वनि टिपी. परंतु त्याच्या लगत वर्धक ठेवावा लागे आणि दमट हवा त्याला सोसत नसे. १९३० नंतर अमेरिकेंत हॅरी ओल्सन यानें फितीचा मायक्रोफोन पुढें आणला. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्यें ॲल्युमिनियमची अतिशय पातळ, चुण्या घातलेली फीत टांगलेली. ती समोरचें आणि पाठीमागचें ऐके, पण दोन्ही कुशींकडील आवाजास बहिरी असे. त्यामुळें दोन नट समोरासमोर उभे राहून संवाद बोलूं शकत, आणि बाजूचा गोंगाट बाहेर राही. मात्र बोलणारा फार जवळ सरकला कीं त्याचा आवाज अवास्तव जाड व खर्जांतला होई. शेलाट्या आवाजाला हा दोष उपकारक ठरे, मूळच्याच भरड आवाजाला तो घातक. म्हणून सर्वांत महाग मायक्रोफोन तो सर्वांत चांगला, हा हिशेब या धंद्यांत कधींच खरा ठरला नाहीं. आवाज, खोली आणि अंतर या तिहींचा मेळ जुळविणें हेंच खरें कसब.

या नव्या कानानें वक्त्यालाहि बदलावयास लावलें. १९२७ सालीं ब्रिटिश नभोवाणीच्या भाषण-विभागाची सूत्रें हिल्डा मॅथेसन यांच्या हातीं आलीं. श्रोता हा सभेंतील हजारांपैकीं एक नसून आपल्या घरीं बसलेला एकटा माणूस आहे, हें त्यांनीं ओळखलें, आणि वक्त्यांकडून सभेचा थाट टाकून बोलण्याच्या रीतीचीं भाषणें लिहवून घेतलीं. त्याच वर्षीं, २३ जुलै रोजीं, मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. कीर्तनाच्या मंडपांत अखेरच्या रांगेपर्यंत पोंचणारा आवाज दिवाणखान्यांत कसा उतरवावा, हा प्रश्न मग मराठी वक्त्यालाहि टाळतां येण्यासारखा नव्हता.

आतां कात्रीकडे वळावें. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या रूपानें आवाज सांठविला. पुढें ब्रिटिश नभोवाणीनें पोलादी फितीचीं यंत्रें वापरलीं. त्यांपैकीं एका यंत्रांत फीत सेकंदाला दीड मीटर धांवे, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमास जवळजवळ पावणेतीन किलोमीटर पोलाद लागे. तें कापून जोडणें हें लोहाराचें काम होतें. खरी सोय केली फ्रिट्झ फ्लॉयमर यानें. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टा उमटविण्याची विद्या त्याला अवगत होती. १९२८ सालीं त्यानें तीच युक्ति योजून कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड बसविली. या कल्पनेवरून तयार झालेलें ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. त्याची फीत पुढें सेकंदाला सुमारें ७७ सेंटिमीटर या वेगानें चाले. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा शब्द वीतभराहून लांब, आणि छोटासा श्वासहि बोटाएवढा ! जें कानाला निसटतें होतें तें हातांत धरतां आलें. कात्रीनें फीत तिरपी कापावयाची, टोकाशीं टोक भिडवावयाचें आणि चिकटपट्टी लावावयाची. तिरपी अशासाठीं कीं, सरळ कापल्यास सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येण्याचें भय असे.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यांतील जॅक मलिन यानें जर्मनींतून असलीं दोन यंत्रें व पन्नास रिळें मायदेशीं नेलीं. बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकाला दर आठवड्याच्या जिवंत कार्यक्रमाचा जाच नकोसा झाला होता. १९४७ च्या ऑक्टोबरपासून त्याचे कार्यक्रम फितीवर मुद्रित होऊन, कापून-सांधून प्रसारित होऊं लागले. चुकलेली ओळ निघून जाई आणि तिच्या जागीं बरोबर म्हटलेली बसे. परंतु एवढ्यावर थांबलें नाहीं. एका विनोदी नटाच्या कांहीं गोष्टी प्रसारणास न शोभणाऱ्या म्हणून गाळण्यांत आल्या. त्यांना मिळालेला हंशा मात्र जपून ठेवला गेला आणि पुढें दुसऱ्याच फिक्या विनोदामागें जोडण्यांत आला. हंशा खरा होता, माणसें खरीं होतीं. पण तीं ज्याला हसलीं असें श्रोत्यांना वाटलें, त्याला तीं हसलींच नव्हतीं.

कात्रीचा स्पर्शहि नसतां यंत्र फसवूं शकतें, याचें उदाहरण दहा वर्षें आधींचें आहे. ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंत लेकहर्स्ट येथें ‘हिंडेनबर्ग’ ही विमाननौका जळून ३६ माणसें मृत्यु पावलीं. निवेदक हर्ब मॉरिसन तें दृश्य पाहतां पाहतां तबकडीवर वर्णन करीत होता. मुद्रणाचें यंत्र किंचित् मंद चाललें असावें; त्यामुळें नेहमींच्या वेगानें वाजवितांना त्याचा मूळचा भारदस्त आवाज चढा व घाईचा ऐकूं येतो. पुढें तें निवेदन वृत्तपटांतील चित्रांवर बसविण्यांत आलें. मुळांत दोन्ही अलग घेतलेलीं. परंतु आज पाहणाराला तीं एकाच क्षणीं, एकाच यंत्रानें टिपल्यासारखीं वाटतात.

फितीच्या काळीं कापलेले तुकडे निदान जमिनीवर पडलेले दिसत. शंका आली तर ते उचलून पुन्हा ऐकतां येत. आज कापणें संगणकाच्या पडद्यावर होतें. सांधा कानाला कळत नाहीं, आणि कोणीं कधींहि न उच्चारलेलें वाक्य त्याच्याच आवाजांत घडविणेंहि शक्य झालें आहे. अडखळणें, खोकला, दोनदां आलेला शब्द हीं काढून टाकणें हा श्रोत्याचा आदर आहे. मुद्रितशोधक लेखकाची तीच सेवा करीत आला. परंतु ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं माणूस क्षणभर थांबला असेल, तर तो थांबा त्याच्या उत्तराचाच भाग असतो. तो बोटभर श्वास कापला, तर एकहि अक्षर न बदलतां साक्ष बदलते. म्हणून जो दुसऱ्याचा आवाज कापतो त्यानें मूळ मुद्रण जपून ठेवावें आणि जोडलेलें भाषण मूळ वक्त्याला एकदां ऐकवावें. त्यानें तें ऐकून ‘होय, मीं हेंच म्हटलें होतें’ असें म्हणावें, म्हणजे कात्री आपल्या कामापुरती चालली असें समजावें.