गोदीतला स्फोट आणि टँकरवरची पाटी

आमच्या आजीची कालगणना वेगळीच होती. "गोदीत स्फोट झाला ना, त्या साली..." अशी तिची कितीतरी वाक्यं सुरू व्हायची. आम्हा नातवंडांना त्यातली सोन्याच्या विटा उडाल्याची गंमतच जास्त. हातात पाण्याचे पाइप धरून जहाजाशी उभी असलेली माणसं मला खूप उशिरा दिसली.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज दोन दिवस उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. एरवी स्फोटकांचं जहाज लाल बावटा लावतं, पण युद्धाच्या घाईत तो लावलाच नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिल्या निरोपात "आग लागली आहे" एवढंच गेलं, आत काय आहे ते नाही. म्हणून आधी दोनच बंब आले! बाकीचे आले ते दारूगोळ्याचं कळल्यावर.

पुढे पाण्याची कमी नव्हती. शेकडो टन पाणी ओतलं. पण आग खाली कापसात, आणि त्याच्या वर स्फोटकं. पाणी भरत गेलं तसा जळता कापूस तरंगत वर सरकला असं सांगतात. धक्क्यावर वाद चालू होता : जहाज जागेवरच बुडवावं की बाहेर ओढून न्यावं? जागेवर बुडवायचं तर पाणी उथळ, जहाज पुरतं बुडणारच नाही. सांगणारे अनेक होते, ठरवणारा कोणीच नाही. आणि "आता सगळे मागे फिरा" हेही कोणी वेळेवर म्हटलं नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठीच.

तुम्ही म्हणाल, ते युद्धाचे दिवस होते. पण तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात 'ग्रँडकँप' जहाजावर अमोनियम नायट्रेटचं खत पेटलं. माल भिजू नये म्हणून पाणी मारायचं सोडून झाकणं बंद करून आत वाफ सोडली. हे रसायन स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, ते गुदमरून विझणार कसं? गावातल्या दलाचे जवळपास सगळे जवान धक्क्यावरच गेले. आणि ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतमध्ये पुन्हा तेच रसायन, २७५० टन, कित्येक वर्षं गोदामात पडलेलं. ते तिथे आहे हे कागदोपत्री अनेकांना माहीत होतं. आग विझवायला गेलेल्या दहा जणांना कोणी सांगितलं नव्हतं. दहापैकी एकही परतला नाही.

मला या तिन्ही गोष्टींत धाडसाची कमतरता कुठेच दिसत नाही. कमी पडली ती माहिती, आणि "मागे फिरा" म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस.

म्हणून हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागे अडकलो की मी हल्ली त्याची पाटी वाचतो. १२०३ म्हणजे पेट्रोल. वर ३वायई लिहिलेलं असतं. त्यातला ३ म्हणजे फोम वापरा, आणि ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. चार अक्षरांत केवढं शहाणपण! १९४४ च्या पहिल्या निरोपात एवढं जरी असतं तरी...

असो. घरच्या सगळ्यांना एकच सांगणं. कधी असा टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊ नका, फोटो तर नकोच. लांबूनच पाटी वाचता आली तर १०१ ला फोन करताना तो आकडा आधी सांगा. पाइप धरायला येणारा कोणाचा तरी मुलगा असतो. आपण कशासमोर उभे राहणार आहोत, ते त्याला निघण्याआधी कळायला हवं.