प्लेटलेटमधील विकरे आणि ॲस्पिरिनची गोळी

डेंग्यूच्या साथींमुळे घरोघरी परिचित झालेल्या प्लेटलेट, अर्थात रक्तबिंबिका, या परिपूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे ते तुकडे. त्यांत केंद्रक नसते. निरोगी व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि सात ते दहा दिवस टिकतात.

रक्तवाहिनीला इजा झाली की भिंतीतील कोलॅजेन उघडे पडते. प्लेटलेट त्याला चिकटतात आणि त्यांच्या आत विकरांची, म्हणजेच एन्झाइमची, साखळी सुरू होते. फॉस्फोलायपेज सी हे विकर पेशीपटलातील एका स्निग्ध रेणूचे दोन भाग करते. एक भाग साठवणीतले कॅल्शियम मोकळे करतो, तर दुसरा प्रोटीन कायनेज सी या विकराला जागे करतो. चपटी प्लेटलेट काटेरी होते. वाढलेल्या कॅल्शियममुळे आणखी एक विकर पटलातून ॲराकिडोनिक आम्ल सुटे करते. सायक्लोऑक्सिजनेज-१ आणि त्यानंतरचे विकर मिळून त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन ए२ तयार करतात. हा रेणू शेजारच्या प्लेटलेटना बोलावून घेतो आणि गुठळी वाढते.

बोट कापले असता हीच प्रक्रिया जीव वाचवते. हृदयाच्या धमनीतील मेदाचा थर फुटला असता तीच झटक्याला कारण ठरते. प्लेटलेटच्या लेखी दोन्ही जखमाच.

ॲस्पिरिन नेमके सायक्लोऑक्सिजनेज-१ कायमचे निकामी करते. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. केंद्रकाअभावी प्लेटलेटला या विकराची भरपाई करता येत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी मात्र ते नव्याने घडवतात. म्हणूनच ७५ मिलिग्रॅमसारखी अल्प मात्राही रोज एकदा पुरते. गोळी बंद केल्यावर नव्या प्लेटलेट येतील तसतसा, काही दिवसांत, तिचा परिणाम ओसरतो. शस्त्रक्रियेपूर्वी ती थांबवायची की नाही, हा निर्णय याच हिशेबावर होतो. स्टेंट बसविलेल्या रुग्णाने तो परस्पर घेणे धोक्याचे असते.

आयबुप्रोफेन त्याच विकराला तात्पुरते अडवते. ते आधी घेतले, तर ॲस्पिरिनला तेथे शिरकाव मिळत नाही. डेंग्यूत मात्र दोन्ही औषधे वर्ज्य, कारण प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. तापासाठी पॅरासिटामॉल दिले जाते.