बिऱ्हाडकरू, भाडेकरू, लायसन्सी

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण शिकवताना अलीकडे वर्गात 'बिऱ्हाड' शब्दाचाच अर्थ सांगावा लागतो. पुण्याच्या वाड्यातला बिऱ्हाडकरू, मुंबईच्या चाळीतला भाडेकरू आणि लोअर परळच्या मनोऱ्यात तिसाव्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या कराराने उतरलेला 'लायसन्सी' ही तिन्ही माणसे परक्याच्या मालकीच्या छपराखाली राहणारी. तरीही त्यांचे त्या छपराशी असलेले नाते एक नाही. हा फरक केवळ शब्दांचा नसून कायद्याचा आहे आणि त्याचे पडसाद आपल्या साहित्यातही उमटले आहेत.

आज जिथे काचेची कार्यालये आणि गगनचुंबी इमारती दिसतात, तो लोअर परळचा परिसर म्हणजे गिरणगावाचा गाभा. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार इथे बहुधा एकटा येई. एकाच खोलीत दहा-वीस माणसांचे सामान असे; एक पाळी गिरणीत गेली की दुसरी झोपायला येई. कित्येक खोल्या तर एका गावच्या मंडळींनी मिळून धरलेल्या असत. जेवण खानावळवाल्या बाईकडे. जवळच डिलाईल रोडवर १९२० च्या दशकात सरकारने उभारलेल्या बीडीडी चाळींत खोली होती १६० चौरस फुटांची. जागा एवढीशी, पण ती सहसा कुणी काढून घेत नसे, हे महत्त्वाचे.

या स्थैर्यामागे कायदा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुसंख्य जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि मनमानी निष्कासनाला आळा घातला. त्यामुळे भाडेकरूला पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार मिळाला. मात्र या संरक्षणाची किंमतही मोठी होती. मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, इमारती खंगत गेल्या आणि अधिकृत भाड्याच्या मागे 'पागडी'चा अनधिकृत व्यवहार फोफावला. ज्याच्याकडे खोली होती तो सुरक्षित राहिला. नव्याने येणाऱ्याला मात्र दार बंदच होते. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताबा असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा तर मालकांनी जागा देण्याचाच धसका घेतला.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पागडीला वैधता दिली, आणि लायसन्सची मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा सुकर मार्गही मालकाला दिला. 'लीव्ह अँड लायसन्स' या पद्धतीला आज जे सार्वत्रिक रूप आले आहे, त्याचा पाया हा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार लायसन्स म्हणजे एरवी बेकायदेशीर ठरले असते असे काही दुसऱ्याच्या जागेत करण्याची परवानगी. त्या जागेत कोणताही हितसंबंध ती निर्माण करीत नाही. राहणे हा हक्क उरला नाही, ती मुभा झाली.

दरम्यान गिरणगावाची जमीनच पालटली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांपैकी असंख्य पुन्हा कामावर परतले नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. धुराड्यांच्या जागी मनोरे आले ते या वाटेने.

साहित्याकडे पाहिले तर 'बटाट्याची चाळ' (१९५८) हे पुस्तक दीर्घ शेजाराशिवाय संभवतच नाही, हे ध्यानात येते. माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात म्हणून तिथे विनोद घडतो. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकात संपाने उद्ध्वस्त झालेले कुटुंब त्याच खोलीत एकमेकांवर आदळते, कारण जायला दुसरी जागा नाही. पण चाळीच्या स्मरणरंजनात रमणाऱ्यांनी बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथाही वाचावी. खोली मिळवताना आधी जात विचारली जाते आणि ती लपवावी लागते, हे तिथे उघडे पडते. तो प्रश्न मनोऱ्यातही संपलेला नाही. आडनाव, धर्म, आहार यांची चौकशी दलालाकरवी सभ्य शब्दांत होते, इतकेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे टिकलेल्या भाडेकरूपणाचे हे फळ. शेजारच्या मनोऱ्यातला लायसन्सी याहून कितीतरी अधिक भाडे मोजतो; मुदत संपली की त्याच्या हाती अनामत रक्कम तेवढी परत येते. त्याचे एकटेपण, त्याची सततची आवराआवर मराठी कथेत अजून पुरेशी आलेली नाही. ती यायची तर विंचवासारखे पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या या नव्या माणसाला आपण आधी शेजारी मानायला हवे.